नागझिऱ्याच्या अलीकडे, कारध्याला उतरा

नागपूरहून नागझिऱ्याला निघालेली गाडी भंडारा ओलांडते, वैनगंगेच्या पुलावर चढते आणि पाहता पाहता कारधा मागे टाकून लाखनी-साकोलीच्या रस्त्याला लागते. गाडीतले कॅमेरे अजून बॅगेतच असतात. ते वाघासाठी राखून ठेवलेले असतात. वाघ दिसेल की नाही, हे वाघ ठरवतो. दिसला तरी तो फोनमध्ये टिपता येईल याची आता खात्री नाही, कारण व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल वापरू देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बजावले आहे. ताडोब्यात तर ही बंदी आधीपासूनच आहे. म्हणजे ज्यांच्याकडे फोन हाच कॅमेरा आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे तसेच आहे, त्यांनी फोटोग्राफीचे जंगल गेटच्या बाहेर शोधायला हवे. भंडारा जिल्ह्यात ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. कारध्याला उतरले तरी पुरते.

ही बंदी उगाच आलेली नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले. त्याचे व्हिडिओ पसरले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. फोन हातात असला की माणूस जवळ जायला पाहतो. फोनचे भिंगच तसे आहे. त्याला लांबचे नीट दिसत नाही.

नदीचे मात्र तसे नाही. रुंद नजरेच्या भिंगाला नदीएवढे सोयीचे दृश्य दुसरे नाही. कारध्याला वैनगंगेवर महामार्गाचा उंच पूल आहे आणि शेजारीच इंग्रजांच्या काळातला ठेंगणा जुना पूल आहे. त्याला इथे लहान पूल म्हणतात आणि पूर आला की तो पाण्याखाली जातो. खाली गोसेखुर्द धरणाचे फुगलेले पाणी भंडाऱ्यापर्यंत येत असल्याने उन्हाळ्यातही पात्र पूर्वीसारखे उघडे पडत नाही. पूर्वी वाळूत डांगरवाड्या असत, त्याच्या आठवणी सांगणारे लोक अजून भेटतील. आता ढिवरांचे डोंगे आणि जाळी दिसतात, खांबांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात, आणि हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुके धरते.

इथे दिशा समजून घेतली की अर्धे काम झाले. नदी ढोबळमानाने उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. भंडारा पश्चिम काठावर आहे आणि कारधा पूर्व काठावर. त्यामुळे संध्याकाळ कारध्याच्या बाजूने पाहावी. सूर्य पाण्यापलीकडे भंडाऱ्यावर मावळतो आणि पुलाचे खांब, डोंगा, जाळे फेकणारा माणूस हे सगळे काळ्या आकृत्यांसारखे उभे राहते. सकाळ भंडाऱ्याच्या काठावरून. बाराही महिने सूर्य एका जागी मावळत नाही, हे आपण शाळेत शिकतो आणि फोटो काढताना विसरतो. आपल्या अक्षांशावर तो डिसेंबरात नेमक्या पश्चिमेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला सरकतो. कारध्याच्या काठावर उभे राहिल्यास डिसेंबरचा सूर्य डावीकडे, प्रवाह जातो त्या बाजूला मावळेल आणि जूनचा उजवीकडे. पुलाच्या दोन खांबांच्या बरोबर मध्ये तो कोणत्या आठवड्यात येईल हे सांगणारी अॅप आहेत. फोन आकाशाकडे धरला की ती सूर्याची वाट रेघेने आखून दाखवतात. फुकटातली आवृत्तीही या कामाला पुरते. नव्या काळातल्या खरोखर उपयोगी वस्तूंमध्ये मी अशा अॅपला वरचा नंबर देईन, आणि ते विकत घ्यावे लागत नाही.

आता फोन हाताळण्याबद्दल. फोन आपल्याला सोपे जावे म्हणून सगळे स्वतः ठरवतो आणि नदीवर नेमके तिथेच चुकतो. गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल, तर फोन पाणी उजळायला जातो आणि बगळ्याचा नुसता पांढरा ठिपका होतो. पिसे गायब. यावर उपाय असा की बगळ्यावर बोट दाबून धरायचे, फोकस आणि प्रकाश तिथेच बांधला जातो, मग बोट खाली सरकवून उजेड कमी करायचा. चित्र डोळ्याला थोडे अंधारे वाटले तरी चालेल. अंधारातून तपशील नंतर काढता येतो, पांढऱ्याफटक झालेल्या जागेतून काही निघत नाही. सूर्यास्तालाही हेच करा. उलट, धुक्याच्या सकाळी फोन सगळे करडे करून टाकतो, तेव्हा बोट वर सरकवा. फोनमध्ये रॉ स्वरूपात फोटो साठवायची सोय असेल तर ती फक्त पहाटे आणि संध्याकाळी वापरा. भर दुपारी त्याने नुसती जागा खाल्ली जाते.

झूमबद्दल स्पष्ट सांगायला हवे. जाहिरातीत शंभर पट झूम असते, पण भिंगाने प्रत्यक्ष जवळ आणलेले आणि संगणकाने ताणलेले यात फरक असतो. ताणलेल्या चित्रात फोन आपल्या मनाने तपशील भरतो. २०२३ मध्ये एका बड्या कंपनीच्या फोनवरून यावर वाद झाला होता. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचाही त्या फोनने खड्ड्यांसकट ठसठशीत चंद्र करून दाखवला होता. चंद्राच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येते. पक्ष्याच्या बाबतीत नाही, कारण पिसाची एक रेघ बदलली की जात बदलते. फोनमध्ये तीन किंवा पाच पटीचे खरे भिंग असेल तर तिथपर्यंतच जा. पुढचे दुर्बिणीवर सोपवा.

आणि दुर्बीण घ्याच. घरात निसर्गाची आवड असलेले चौघे असतील तर नवा फोन एक वर्ष पुढे ढकलून ८ × ४२ ची एक बरी दुर्बीण आणावी, असे माझे मत आहे. यातला आठ म्हणजे किती पट जवळ आणते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहा किंवा बारा पटीच्या मोहात पडू नका, हात हलला की चित्रही तेवढेच हलते. दुर्बिणीला फोन अडकवायचा एक छोटा जोड मिळतो. तो लावला की दुर्बीणच फोनचे लांब भिंग होते. सुरुवातीला काळे गोल कडे दिसेल, जोड थोडा मागेपुढे केला की ते जाते. पक्षी ओळखून त्याचे नाव डोळ्यांपुढे दाखवणारी हुशार दुर्बीणही २०२४ मध्ये स्वारोव्हस्की कंपनीने बाजारात आणली. तिची किंमत चार लाखांच्या घरात आहे. तेवढ्या पैशांत आयुष्यभर नागझिरा करता येईल.

नाव शोधण्याचे काम मर्लिन हे अॅप विनामूल्य करते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे हे काम आहे. फोन हातात धरून गप्प बसले की ते आजूबाजूचे आवाज ऐकून पक्ष्यांची नावे सुचवते, भारतातल्या कित्येक पक्ष्यांची सुद्धा. आवाजांचा संच घरी वायफायवर आधी उतरवून ठेवा, कारण तळ्यांच्या आसपास रेंज मिळेलच असे नाही. त्याच्या सुचवण्यावर लगेच विश्वास ठेवू नका, पक्षी डोळ्यांनी पाहून मगच मान्य करा. एक पथ्य कटाक्षाने पाळा. अॅपमधला आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. विणीच्या काळात तो ते आव्हान समजून घरटे सोडून भांडायला येतो.

या सगळ्यापेक्षा जास्त फोटो सुधारतो तो तिपाई स्टँड. हे वाचायला नीरस आहे, हे कबूल. हजार-दीड हजारात फोनचा बरा स्टँड मिळतो. पाय बारीक आणि लवचिक असणारे खेळणे घेऊ नका, काठावरच्या वाऱ्याला ते पडते. मधल्या दांड्याला आकडा असेल तर त्याला पाण्याची बाटली टांगा, स्टँड जागचा हलत नाही. बटण दाबतानाही फोन हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा किंवा शंभर-दोनशे रुपयांचे ब्लूटूथ बटण घ्या. स्टँड असला की लाँग एक्स्पोजर जमते. जुन्या पुलाच्या खांबांना वळसा घालणारे पाणी रेशमासारखे ओढले जाते, महामार्गावरच्या ट्रकांच्या दिव्यांच्या लाल-पिवळ्या रेघा होतात. ही चित्रे सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी काढायची असतात. नेमक्या त्याच वेळी बहुतेक लोक परत निघतात.

जंगलात कॅमेरा नेणाऱ्यांना जिप्सीत स्टँडचा उपयोग नसतो. तिथे कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरा, तोंड शिवा आणि गाडीच्या कठड्यावर ठेवून त्यावर भिंग टेकवा. धानाच्या जिल्ह्यात बीन बॅग विकत घ्यायची गरज नाही.

पाण्यासाठी म्हणून एकच फिल्टर सांगतो, पोलरायझर. पाण्यावरची चकाकी तो कापतो, त्यामुळे काठाजवळची वनस्पती आणि मासे दिसू लागतात आणि आकाशाचा निळा रंग गडद होतो. सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या खांद्याला असेल तेव्हा आकाशावर त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. सूर्य समोर किंवा पाठीशी असेल तर आकाशात जवळपास काहीच फरक पडत नाही. फोनसाठी चिमट्याचा फिल्टर मिळतो, पण तो घेण्याआधी घरातला पोलराइज्ड गॉगल फोनच्या मुख्य भिंगासमोर धरून हळूहळू फिरवून पाहा. फरक आवडला तर खर्च करा. सूर्यास्ताचे प्रतिबिंब टिपताना मात्र फिल्टर काढून ठेवा, नाहीतर जे हवे तेच तो पुसून टाकेल. चिमट्याची मॅक्रो भिंगे मजेदार असतात. ऑक्टोबरात लोंबीवरचे दव आणि चतुर टिपायला मुलांना ती द्या. चिमट्याची टेलिफोटो भिंगे मात्र कडा धुरकट करतात, ती घेऊ नका.

पॉवरबँकवर २०,००० एमएएच लिहिलेले असले तरी व्होल्टेज बदलताना होणारी घट धरून फोनला प्रत्यक्षात बारा-तेरा हजारच मिळतात, तेव्हा हिशेब त्या आकड्याने करा आणि बीआयएसची खूण पाहूनच घ्या. आपल्याकडचा मोठा प्रश्न चार्जिंगपेक्षा उन्हाचा आहे. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात आणि वैदर्भीय मे महिना ४५ ला टेकतो. फोन आधी पडदा मंद करतो, मग कॅमेरा बंद करतो. तापलेला फोन एसीच्या झोतासमोर किंवा बर्फाच्या डब्यात ठेवू नका, आत ओल धरते. पांढऱ्या ओल्या रुमालाची सावली करा आणि केस काढा, तेवढे पुरते. पावसाळ्यात उलटे होते. एसी गाडीतून काढलेल्या थंड भिंगावर दमट हवेत लगेच वाफ धरते. बॅग न उघडता दहा-पंधरा मिनिटे बाहेर राहू द्या, मग कॅमेरा काढा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. भिंगाला एकदा बुरशी लागली की दुरुस्तीचा खर्च भिंगाच्या जवळपास जातो.

ड्रोनबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. कारध्याला ड्रोनमधून दोन पूल आणि नदीचे वळण सुरेख दिसेल यात शंका नाही. तरीही घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल विभाग आहेत. हिरव्या विभागात साधारण ४०० फुटांपर्यंत उडवता येते, बाकी ठिकाणी परवानगी लागते. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे आणि पलीकडे व्याघ्र प्रकल्प, तेव्हा नकाशा न पाहता इथे काही उडवणे म्हणजे पोलिसांना निमंत्रण. दुसरे म्हणजे परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. दुकानदार पक्क्या बिलाला टाळाटाळ करत असेल तर कारण समजून घ्या. तिसरे पक्ष्यांचे. तळ्यावर उतरलेला बदकांचा थवा ड्रोनच्या आवाजाने उठतो आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यांची विश्रांती एका व्हिडिओसाठी मोडते. माझे मत विचाराल तर भंडाऱ्यात ड्रोन नको. उंचावरून नदी पाहायची असेल तर आंभोऱ्याला जा. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी यांचा तिथे संगम होतो आणि तारांनी तोललेल्या नव्या पुलावर उंच प्रेक्षक-सज्जा आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच रचला असे आंभोऱ्याचे लोक अभिमानाने सांगतात. अंबाजोगाईकरांसमोर तेवढे बोलू नका.

ऋतू कोणता निवडावा? कारध्यापासून नदी सोडून आत शिरलात की बोड्या म्हणजे लहान तळी, मामा तलाव आणि धानाच्या बांध्या यांचा प्रदेश लागतो. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा तलाव. मालगुजारी गेली तरी नाव टिकले. जुलैत चिखलणी झालेल्या बांध्यांत पाणी साचते आणि रोवणी होईपर्यंत अख्खे शिवार आरसा होते. ढगांचे प्रतिबिंब, धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या पेंड्या नेणाऱ्या बाया, मागे सागाचे रान. हे चित्र वर्षातून दोन-तीन आठवडेच मिळते, आणि तेव्हा नागझिरा, कोका ही अभयारण्ये पावसाळ्यासाठी बंद असतात. लोक त्यामुळे घरी बसतात, हे त्यांचे नुकसान. बायांचा फोटो काढण्याआधी विचारा. रोवणी हे कष्टाचे काम आहे, तुमच्यासाठी कुणी पोझ देणार नाही. काढलेला फोटो त्यांच्या घरच्या फोनवर पाठवलात तर पुढच्या वर्षी लोक ओळखतील.

डिसेंबर ते फेब्रुवारी तलावांवर चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, पट्टकदंब हे पाहुणे असतात. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून बसा, पांढरे आणि भडक कपडे टाळा, आणि बांधावर उभे राहण्याऐवजी उताराला टेकून बसा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणसाची उभी आकृती दिसली की बदके उठतात. भिंग पाण्याच्या जितके जवळ ठेवाल तितका पक्षी चित्रात मोठा वाटतो. फेब्रुवारीच्या शेवटी पळस पेटतो, मग मोह गळतो. पहाटे मोह वेचणाऱ्यांच्या टोपल्या हा सबंध लेखाचा विषय आहे, इथे नुसता उल्लेख करून पुढे जातो.

रात्रीचे आकाश टिपायचे असेल तर कारधा उपयोगाचे नाही, महामार्गाचे दिवे आड येतात. दिव्यांपासून दूरचे गाव गाठा, अमावास्येच्या आसपास जा आणि राहत्या घराच्या अंगणातून किंवा शेतातून काढा. जंगलाच्या रस्त्यावर रात्री थांबणे धोक्याचे आहे आणि नियमबाह्यही. आकाशगंगेचा दाट भाग मार्चमध्ये पहाटे आग्नेयेला, मेमध्ये मध्यरात्रीनंतर आणि ऑक्टोबरात अंधार पडताच नैर्ऋत्येला दिसतो. लाल उजेडाचा हेडलॅम्प सोबत असावा, त्याने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. शेजाऱ्यांच्या बैठकीत मुलांना तेजोमेघ दाखवायचा असेल तर सीस्टार एस५० सारखी हुशार दुर्बीण आहे. भिंग ५० मिलिमीटरचे, वजन साधारण अडीच किलो. ती स्वतः तारा शोधते, त्याच्या मागे फिरते आणि चित्र फोनवर पाठवते. पाच-सहा कुटुंबांनी किंवा शाळेने मिळून घेण्याची वस्तू आहे ही, एकट्याच्या कपाटात ठेवायची नाही.

सुरक्षिततेचा एक मुद्दा मात्र सविस्तर सांगायला हवा. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यातून येते. तिथे पाऊस झाला आणि संजय सरोवराचे दरवाजे उघडले की भंडाऱ्यात ऊन असतानाही इथे पाणी चढते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस असेच झाले आणि निम्मे भंडारा शहर पाण्यात गेले. म्हणून जून ते ऑक्टोबर पात्रात, खडकांवर किंवा जुन्या पुलाच्या कठड्यावर बसून फोटो काढू नका. धरणांच्या विसर्गाच्या सूचना जिल्हा प्रशासन देते, त्या निघण्यापूर्वी पाहा. डोंग्यातून फोटो काढायचा असेल तर लाइफ जॅकेट घाला आणि फोनला गळ्यातली दोरी बांधा. पुराचा फोटो उंच जागेवरून, दिवसाउजेडीच काढा आणि बंदोबस्तातल्या पोलिसांनी अडवले तर वाद न घालता परत फिरा.

महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत उरले आहेत. पावसाळ्यात ते बांधीत किंवा तलावाच्या काठी घरटे करतात. जोडी दिसली तर रस्त्यावरूनच पाहा, बांधीत उतरू नका. फोटो पाठवताना फोनच्या कॅमेऱ्यातले लोकेशन बंद आहे का ते तपासा, कारण फोटोबरोबर घरट्याचा पत्ताही जातो. गावाचे नाव लिहू नका, जिल्हा पुरे.

शेवटी एक काम सांगतो, त्याला खर्च नाही. कारध्याच्या काठावर एक जागा ठरवा आणि महिन्यातून एकदा, त्याच उंचीवरून, त्याच दिशेने एक फोटो काढा. पाणी किती चढले, जलपर्णी कुठवर पसरली, पक्षी कधी आले आणि कधी गेले, हे त्यात आपोआप नोंदले जाईल. फोटोच्या नावात तारीख आणि जागा लिहा आणि फोनव्यतिरिक्त आणखी एका ठिकाणी प्रत ठेवा. वर्षभराचे बारा फोटो जमले की ते गावातल्या शाळेला द्या.